प्लायवूडच्या विमानातली पुढची सीट

भिवंडीतल्या निम्म्या पुरुषांना मी कोट चढवला आहे, आणि मला शर्टाचं तुटलेलं बटण लावता येत नाही. टायही मीच घातल्या. लाल, निळ्या, तिरप्या पट्ट्यांच्या. टायची गाठ कशी मारतात ते मला आजतागायत ठाऊक नाही. मी ती फक्त रंगवतो.

मंडईमागच्या गल्लीत माझा फोटो स्टुडिओ आहे. फोटो तर कुणीही काढतं. माझं नाव झालं ते ब्रशामुळे. या कामाला आमच्यात टचिंग म्हणतात. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं असतं, काळं ते गोरं आणि गोरं ते काळं. त्यामुळे चेहऱ्यावरचे देवीचे वण घालवायचे तर निगेटिव्हवर टोकदार शिसपेन्सिलीने बारीक ठिपके द्यायचे, आणि टक्कल झाकायचं तर ब्लेडने हलकेच खरवडायचं. प्रिंट सुकला की त्यावर ब्रशाने हवं ते चढवायचं. या हव्या त्या गोष्टींची यादी मी सांगायला बसलो तर संपादक मला विशेषांकाऐवजी विश्वकोशात पाठवतील.

यूपीहून आलेला एक लूम कामगार गंजीफ्रॉकवर आला आणि म्हणाला, "चाचा, काला कोट पहना दो. गाँव में बोला है, मैनेजर हूँ."

मी म्हटलं, "मैनेजर तो ठीक है, लेकिन मुँह पे थोड़ा गुस्सा लाओ."

त्याने असा काही राग आणला की मी खरंच त्याच्या हाताखाली काम करतोय असं मला वाटलं. जवळच्या पूर्णा गावचा एक शेतकरी आला. वडील वारलेले, त्यांचा फोटो कधी काढलेलाच नाही. म्हणाला, "नाक माज्या काकाचा घ्या, कान माजं घ्या, नि मिशी तुमच्या अंदाजानं लावा." मी लावली. पुढे त्यांच्या घरी जेवायला गेलो, तर म्हातारी त्या फोटोकडे बघून पदर पुढे ओढत होती. माझ्या अंदाजाच्या मिशीला इतका मान दुसरीकडे कुठे मिळाला नाही.

भिवंडीत फोटो काढायची खरी अडचण म्हणजे जमीन हलते. आमच्या भिंतीपलीकडे पॉवरलूमचा कारखाना. खटखट, खटखट, दिवसभर. माणूस दगडासारखा बसला तरी तिकाटण्यावरचा कॅमेरा त्याच्या वतीने थरथरतो. म्हणून चांगले फोटो मी शुक्रवारी काढायचो, कारण शुक्रवारी लूमला सुट्टी. जुन्या घरांतल्या भिंतींवर एखादा सासरा अगदी रेखीव दिसला तर समजावं, शुक्रवारी आला होता.

दुसरी अडचण डोळ्यांची. मी "तयार" म्हटलं की लोक डोळे मिटतात. आता दुसरा फोटो काढता येतो. तेव्हा फिल्म जपून वापरायची, मग मिटलेले डोळे ब्रशाने उघडायचे. या कलेत माझा हात धरणारा ठाणे जिल्ह्यात नव्हता. एकाच माणसाने ते कधी कबूल केलं नाही. त्याचीच ही गोष्ट.

पण आधी विमान.

दरवर्षी चैत्राच्या शेवटी वज्रेश्वरीची यात्रा भरते. मी तिथे मंडप टाकायचो आणि त्यात माझं विमान उभं करायचो. प्लायवूडचं, मी स्वतः रंगवलेलं. एका बाजूला तीन खिडक्या, दुसऱ्या बाजूला चार, कारण मध्ये जेवायला उठलो होतो. नाकावर मोडक्या टेबलफॅनचा पंखा, आत भंगारातल्या जीपचं स्टिअरिंग. सीटशेजारी काहीतरी यंत्रासारखं हवं म्हणून भंगारातल्या एका लूमचं हँडल ठोकलं होतं. पुढे पायलटची एक सीट, मागे दोघांसाठी फळी. अर्धी भिवंडी आणि सगळा तालुका त्यात बसून गेला. भांडण फक्त पुढच्या सीटचं. नवरा-बायको आले की नवरा पुढे. सासरा बरोबर असला की सासरा पुढे. दोन साडू एकत्र आले, तर मला पोलीस चौकीशेजारी मंडप टाकल्याचं समाधान वाटायचं.

आणि मी नुसता फोटो काढत नसे. मी उड्डाण करवत असे. डोक्यावर कर्तव्यदक्ष टोपी, हातात कर्णा.

"पंखा चालू?"

"चालू!" विमानातली माणसं ओरडायची.

"दरवाजा बंद?"

दरवाजा नव्हताच. तरी, "बंद!"

"वज्रेश्वरीआईचं नाव घ्या! उडालंऽऽ!" आणि खटका.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला एका यात्रेत गुप्ते कुटुंब माझ्या मंडपात आलं. गुप्ते भिवंडीच्या कोर्टात नाझर होते. न्यायाधीश निकाल देतात आणि घरी जेवायला जातात; तो निकाल लोकांच्या दारापर्यंत नेऊन बजावायचं काम नाझराच्या खात्याचं. सगळं गाव त्यांना नाझरकाका म्हणायचं आणि ते गल्लीत शिरले की उगाचच दारं लावून घ्यायचं. बरोबर मालतीकाकू आणि एकुलता एक मुलगा श्रीकांत. तो नुकता कॉलेजात गेला होता.

"आम्ही कोर्टाची माणसं," काका म्हणाले, "असल्या खोट्या वाहनात बसत नाही."

"खऱ्यात कोण बसवतंय?" काकू म्हणाल्या. "बसा गुपचूप."

श्रीकांत पुढे बसला. त्याने स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरलं आणि मला गंभीरपणे म्हणाला, "शशीदादा, विमान आधी जमिनीवर पळतं. तुम्ही एकदम उडवता."

"पळवायला जागा कुठाय?" मी म्हटलं. "शेजारी भजीवाला आहे."

तो खूप हसला. मी कर्णा उचलला, पंखा झाला, दरवाजा झाला, "उडालं!" झालं. फोटो धुतला तर श्रीकांत पुढे रुबाबात, काकू मागे प्रसन्न, आणि नाझरकाका दोन्ही डोळे घट्ट मिटून फळीला धरून बसलेले.

"मी घाबरलो नव्हतो," काका म्हणाले. "सूर्य डोळ्यांवर होता."

सूर्य त्यांच्या पाठीमागे होता. पण नाझराशी कोण वाद घालणार? मी ब्रश घेतला आणि डोळे उघडले. काकांनी फोटो लांब धरून पाहिला, जवळ धरून पाहिला.

"शश्या, एक डोळा मानकोलीला बघतोय आणि दुसरा वज्रेश्वरीला. तू तर मला एका खुर्चीत बसून दोन गावांत जप्ती करायच्या लायक केलंस."

तेव्हापासून ते कोर्टात जाता-येता माझ्या दारात थांबायचे. "काय रे, आज कुणाचा डोळा फोडलास?"

"तुमच्यासाठी राखून ठेवलाय, काका."

"नको. आहे तेवढ्यातच तुझं दुकान पुरेसं वाईट दिसतं."

हा आमचा नित्यनेम. एखाद्या दिवशी त्यांनी टोमणा मारला नाही तर माझं धंद्यात लक्ष लागायचं नाही.

श्रीकांत खरोखरच पायलट झाला. नव्वदच्या दशकात खासगी विमान कंपन्या निघाल्या, त्यातल्या एकीत लागला. एका शुक्रवारी तो गणवेशात फोटो काढायला आला. काळा कोट, बाहीवर सोनेरी पट्ट्या, काखेत टोपी. माझ्या स्टुडिओत स्वतःचा खरा कोट घालून आलेलं ते पहिलंच गिऱ्हाईक. मला ब्रश उघडावाच लागला नाही. नाझरकाका पडद्याजवळ उभे होते.

"कोट त्याचाच आहे ना, की तू चढवलास?" त्यांनी विचारलं. एवढं बोलून ते बराच वेळ भिंतीकडे तोंड करून माझी जुनी कॅलेंडरं वाचत राहिले.

मोठा प्रिंट करून दिला, पण तो त्यांनी कपाटात ठेवला. आमच्याकडे भिंतीवर लावतात ते गेलेल्यांचे फोटो.

मुंबईत उतरणारी कितीतरी विमानं आमच्या डोक्यावरून जातात. मालतीकाकू प्रत्येक आवाजाला गॅलरीत यायच्या. शेजारची वहिनी ओरडायची, "काकू, श्रीकांतला म्हणावं, जाता जाता आमचा पिठाचा डबा गिरणीत टाकून जा!" काकू म्हणायच्या, "आज त्याची सुट्टी आहे. उद्या टाकेल."

मग ते विमान पडलं.

दूरच्या राज्यात, सकाळच्या वेळी. छोटं विमान धावपट्टीवरून उठलं, आणि उठता उठताच पुढच्या शेतात कोसळलं. श्रीकांत चालवत होता. तो गेला, शेजारी बसलेला सहवैमानिक गेला आणि मागे बसलेले चार प्रवासी गेले.

पुढे चौकशी झाली. तिचा निकाल मला नाझरकाकांनीच सांगितला, दुकानाच्या पायरीवर उभं राहून, कोर्टात सांगावं तसा. यंत्रात दोष नव्हता. हवाही चांगली होती. विमानाच्या पंखांच्या मागच्या कडेला झडपा असतात, त्यांना फ्लॅप म्हणतात. उडण्याआधी त्या खाली करायच्या, म्हणजे कमी वेगातही पंखांना हवेचा आधार मिळतो. त्या खाली केलेल्याच नव्हत्या. एकमेकांना विचारून खात्री करायची पद्धत असते, तीही त्या सकाळी राहिली. पायलटची चूक.

मी स्टूल पुढे केलं.

काकांनी पिशवीतून श्रीकांतचा मोठा प्रिंट काढला. "एक काम आहे. या वेळी डोळे नाहीत. कोट."

"कुणाला चढवायचा?"

"चढवायचा नाही. उतरवायचा."

इतक्या वर्षांत असं काम घेऊन कुणी आलं नव्हतं.

"भिंतीवर फोटो लावायचाय," ते म्हणाले. "साधा पांढरा शर्ट कर. टोपी काढ. पट्ट्या काढ."

"काका, लोकांच्या बोलण्याकडे..."

"लोकांचं मला काय सांगतोस? लोक माझ्या तोंडावर दारं लावायचे. त्या पाच घरांतही फोटो लागले असतील, शशी. त्यांच्यातलं कुणी उद्या माझ्याकडे आलं, तर त्याला समोर हा कोट बघायला लावू?"

ते मला शश्या नव्हे, शशी म्हणाले होते. तरी मी चिवटपणे म्हटलं, "पण चौकशीवर अपील वगैरे..."

"जन्मभर दुसऱ्याच्या दारात निकाल घेऊन गेलो. आज माझ्या दारात आला म्हणून कडी लावू?"

प्रिंट ठेवून ते गेले. तासाभरात मालतीकाकू आल्या. त्यांना बसा म्हटलं तर बसल्या नाहीत.

"कोटाला हात लावलास, तर माझ्या घराची पायरी चढायची नाही."

"मग काकांना काय सांगू?"

"सांग, काम चालू आहे. सगळे कारागीर तेच सांगतात." मग त्यांनी टेबलावरचा प्रिंट उलटा करून ठेवला. "चूक त्याची होती. मी नाही म्हणत नाही. पण चूक त्या एका सकाळची. बाकीच्या सगळ्या सकाळी तो लोकांना नीट घेऊन गेला आणि नीट उतरवलं. त्यांची चौकशी कुणी केली?"

आता मी काय करावं? एकाचं ऐकलं तर दुसऱ्याचा मुलगा पुसला जाणार. त्यात कामही वाईट. कोट चढवायला माणूस माहीत असावा लागत नाही. कुणाच्याही खांद्यांवर काळा रंग फासला की झाला मॅनेजर. उतरवायचा तर कोटाखालचा माणूस काढावा लागतो. त्याची मान किती उंच, खांदे कसे उतरते, हे सगळं मनाने. आणि एकदा प्रिंटवर पांढरा बसला की खालचं परत मिळत नाही. निगेटिव्ह होती, पण नेमकी तीच पावसाळ्यात बुरशीने खाल्ली होती.

मी कारागिराचा धर्म पाळला. तारखा दिल्या.

"झालं?" काका पायरीवरून विचारायचे.

"रंग यायचाय मुंबईहून."

"पांढरा?"

"चांगला पांढरा."

"तारखा देतोस. वकील झालास काय?"

तेवढ्यात चैत्र संपत आला आणि मी सुटलो. विमान टेम्पोत घातलं आणि वज्रेश्वरीला पळालो.

यात्रेत माणसं तीच, विमान तेच, भजीवालाही तोच. पण पुढे कुणी बसेना. आमच्या भागातला मुलगा, त्याची बातमी आणि चौकशीचा निकाल गावोगाव पोचला होता. एक बाई नवऱ्याचा सदरा धरून म्हणाली, "पुढं नगं हो. पुढं बसनाऱ्याचीच चूक निंगते."

"अवो बाई, हे प्लायवूडचं हाय," मी त्यांच्या भाषेत समजावलं.

"आसू दे. मागं जागा हाय ना?"

सगळेच मागे. दोघांच्या फळीवर चौघं बसली आणि माझं विमान शेपटीवर बसून नाक वर करून आकाशाकडे बघायला लागलं. शेवटी तोल सांभाळायला मी नदीतला एक चांगला गोल धोंडा आणून पायलटच्या सीटवर ठेवला. कर्णा पेटीत टाकला. "उडालं" माझ्या तोंडातून निघेना. नुसताच "तयार" म्हणायचो आणि खटका दाबायचो. इतका कंटाळवाणा मी आयुष्यात कधी नव्हतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाझरकाका आणि काकू समोर उभे. गुडघ्यांसाठी ते दरवर्षी गरम पाण्याच्या कुंडावर यायचे. या वर्षी येणार नाहीत असं मी धरून चाललो होतो. काकांच्या खांद्यावर ओला पंचा. त्यांनी विमान पाहिलं, मग पुढची सीट पाहिली.

"हे कोण?"

माझ्या जिभेला आयुष्यात कधी लगाम नव्हता. "पायलट," मी बोलून गेलो, आणि जमीन दुभंगेल तर बरं असं वाटलं.

काकांनी धोंड्याकडे नीट निरखून पाहिलं. "याची चौकशी झाली का?"

काकूंनी चटकन तोंडाला पदर लावला. त्या हसत होत्या की रडत होत्या, मला तेव्हाही कळलं नाही.

"उचल तो," काका म्हणाले.

मी धोंडा उचलला. काका पंचा माझ्या खांद्यावर टाकून, गुडघे चाचपत, पुढच्या सीटवर चढले. काकू मागे बसल्या. कुणीतरी कुणाच्यातरी कानात सांगितलं, आणि टोप्या असलेल्यांनी टोप्या नीट केल्या.

मी काळ्या कापडाखाली डोकं घालायला निघालो, तर काका ओरडले, "शश्या! तुझं ते बोंबलणं कुठे गेलं?"

"काका, असाच काढतो. छान येईल."

"तुझा एकही छान आलेला नाही. म्हण."

पेटीतून कर्णा काढला. "पंखा चालू?"

"ऐकू येत नाही."

"पंखा चालू?"

"चालू."

"दरवाजा बंद?"

"बंद."

देवीचं नाव घ्यायला मी तोंड उघडलं, तोच काकांनी हात वर केला. "थांब. फ्लॅप?"

मी कर्णा खाली घेतला.

"उडायच्या आधी विचारायचं असतं," ते म्हणाले. "विचार मला."

"फ्लॅप... खाली?"

सीटशेजारच्या लूमच्या हँडलवर त्यांनी हात ठेवला. सावकाश खाली दाबलं. मग वाकून त्याच्याकडे बघितलं, आणि हाताने पुन्हा चाचपून खात्री केली.

"खाली. परत विचार."

"फ्लॅप खाली?"

"खाली. बघितले." ते ताठ बसले. "आता घे देवीचं नाव."

मी घेतलं. माझ्याआधी रांगेने घेतलं. "उडालं" कोण ओरडलं ते माहीत नाही. मी नक्की नव्हतो. मी फक्त खटका दाबला.

काका उतरले, पंचा घेतला आणि काकूंना घेऊन देवळाकडे गेले. विमानाची पुढची सीट रिकामी. कालचीच बाई नवऱ्याला कोपराने ढोसत म्हणाली, "बस की. बगतो काय?" तो बसला. पण हँडल खाली दाबूनच बसला. तेव्हापासून माझ्या उड्डाणात फ्लॅपचा प्रश्न कायम आहे. मी विचारतो आणि सगळं विमान ओरडतं, "खाली!" एखाद्या वर्षी गडबडीत विसरलो तर रांगेतली माणसं खवळतात.

यात्रेनंतर काका फोटो न्यायला आले. शेजारी लूम चालू होते, स्टुलावरची बशी थरथरत होती. मी प्रिंट पुढे केला. मागे मालतीकाकू, सरळ कॅमेऱ्याकडे बघणाऱ्या. पुढे काका, एक हात हँडलवर, आणि डोळे घट्ट मिटलेले.

मी ब्रशाची डबी पुढे ओढली. "उघडू?"

"हात लावायचा नाही."

"मग लोकांना काय सांगायचं? सूर्य डोळ्यांवर होता?"

"सूर्य पाठीमागे होता," काका म्हणाले. "तेव्हाही."

मी ब्रशाच्या डबीचं झाकण लावलं. काकांनी फोटो पिशवीत घातला, पायरी उतरले आणि मागे न वळता म्हणाले, "तो मुंबईचा पांढरा आला का रे?"

"नाही अजून."

"येऊ देऊ नकोस. बाहेरच्या खोलीत नाही लावणार मी श्रीकांतचा तो फोटो. आत लावीन, हिला उठल्याबरोबर दिसेल असा. संध्याकाळी घेऊन ये. आणि येताना चेहऱ्याला काही करू नकोस, माझ्या मुलाचे डोळे उघडेच आहेत."